संक्रांतीआधीचा माघ

कंप्युटरच्या पडद्यावर रिकामी जागा दिसली की माझे हात शिवशिवायला लागतात. लोक तिथे बर्फाचे डोंगर लावतात, देव लावतात, आपल्या बाळाचे टबातले फोटो लावतात. मला ते कधीच पटलं नाही. एवढी मोठी जागा आणि तिथे एक मुकं चित्र, म्हणजे घराच्या ओट्यावर कुणी बसूच नये म्हणून कुंड्या मांडून ठेवण्यासारखं झालं.

मी देवासला एका कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनला होतो. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आमच्याकडे नवे कंप्युटर आले आणि त्यांत एक सोय निघाली. पडद्यावरच्या मागच्या चित्रातच छोट्या छोट्या चालत्या चौकटी बसवता येत. घड्याळ, पण काढलेलं नव्हे, चालणारं. कॅल्क्युलेटर, त्यात तिथल्या तिथे आकडे मारायचे. एक पिवळा कागद, त्यावर काहीही लिहून ठेवायचं. मी आठवडाभरात सगळा पडदा भरून टाकला. शेजारच्या टेबलावरचा मित्र येऊन बघून गेला आणि म्हणाला, "भिया, तुमने तो पूरी दुकान लगा ली."

"दुकान नी हे भिया," मी म्हटलं, "रसोई का ओटा हे. सब हाथ के पास."

हे मी थट्टेने म्हटलं खरं, पण माझं मत आजही तेच आहे. चहापत्ती आणि मीठ कुणी माळ्यावर ठेवत नाही. दिवसातून वीसदा बघायची वस्तू डोळ्यांसमोर हवी. ती बघण्यासाठी आधी हे उघडा, मग ते दाबा, मग थांबा, असं करायला लागलं की माणूस बघणंच सोडून देतो. या छोट्या चौकटींचं सगळं मोल त्यांच्याकडे नुसती नजर टाकता येते यात आहे. त्या काही मागत नाहीत. तोटेही होते, नाही असं नाही. कंप्युटर मंद व्हायचा, कधी मध्येच अडकून बसायचा, आणि साहेब मागे येऊन उभे राहिले की क्रिकेटच्या स्कोअरची चौकट झाकायला एखादं ड्रॉइंग उघडं ठेवावं लागायचं. ड्रॉइंग उघडलं की खालचं सगळं झाकलं जातं, हा या चौकटींचा मूळ दोष. त्या वेळी मात्र मला तो गुणच वाटला.

पुढे काही वर्षांनी घरी कंप्युटर आला. तेव्हा आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नव्हता. म्हणून मी पहिली चौकट बसवली ती यूपीएसची बॅटरी किती उरली ते दाखवणारी. दुसरी तापमानाची. तिच्या यादीत देवास नव्हतंच, म्हणून इंदूर निवडलं. बायको म्हणाली, "म्हणजे इंदूरवाल्यांना घाम आला की आपण पंखा लावायचा का?" बायकोचं माहेर देवासमधलंच. तिचे वडील सांगलीकडून इथे कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. तिला या चौकटी म्हणजे माझी खेळणी वाटत. फक्त एका चौकटीत दोन मासे फिरत, ते तिला आवडायचे, कारण त्यांना खायला घालावं लागत नसे.

तिसरी चौकट होती तिथीची. एका मित्राने सीडीवर आणून दिली होती. उत्तरेकडच्या कुणीतरी बनवलेली होती. देवनागरीत महिना, पक्ष, तिथी आणि वार, आणि दिवस उलटला की आपोआप बदलणार. मी ती कौतुकाने बसवली आणि विसरून गेलो. आमच्या घरात तिथी कंप्युटरला विचारायची पद्धतच नव्हती. आमच्याकडे तिथी आत्याबाईंना विचारायची असते.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं घराणं जुनं धारचं. कधीकाळी दरबारात कारकुनी केलेलं, नंतर सगळे शाळामास्तर आणि सरकारी नोकर. आत्याबाई लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी आल्या. पुढे मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं आणि धारलाच भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, संसारात राहिल्या. त्यांची मराठी आमच्यासारखी खिचडी झालेली नाही. त्या 'झालं' म्हणत नाहीत, 'झाले' म्हणतात, आणि आम्ही मध्येच हिंदीत घसरलो की ऐकू न आल्यासारखं करतात. सगळ्या कुळाच्या तिथी त्यांना पाठ. कुणाचं श्राद्ध कधी, कुणाचा वाढदिवस तिथीने कधी, नवरात्र कोणत्या घरी कधी बसतं. रोज पूजा झाली की त्या पंचांग उघडत आणि त्या आठवड्यात ज्याच्या घरी काही असेल त्याला फोन करत. इंदूर, उज्जैन, भोपाळ, पुणे. फोनवर कधी कुणाची विचारपूस नाही. "परवा तुझ्या सासऱ्यांची तिथी. लक्षात असू दे." झालं, फोन ठेवला. आम्ही नक्कल करून हसायचो, पण त्यांचा फोन आला नाही तर आमच्यापैकी एकालाही काही आठवलं नसतं.

त्या वर्षी डिसेंबरच्या शेवटी आत्याबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इंदूरला झालं आणि डॉक्टरांकडे जायला सोपं म्हणून त्या आमच्याकडे देवासला राहायला आल्या. काळा चष्मा, दर काही तासांनी औषधाचे थेंब, आणि बारीक वाचायचं नाही. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच. पंचांग त्यांनी पिशवीतून आणलं होतं. सकाळी त्या ते काढत, डोळ्यांजवळ नेत, दूर नेत, आणि परत पिशवीत ठेवत. मला विचारलं असतं तर मी वाचून दाखवलं असतं. पण त्या विचारणार नव्हत्या. जिला सगळं जग विचारतं तिने कुणाला विचारायचं?

हे माझ्या लक्षात आलं आणि मी काही न बोलता तिथीची चौकट मोठी केली. मासे एका कोपऱ्यात हलवले, इंदूरचं तापमान काढून टाकलं, आणि अक्षरं इतकी मोठी केली की स्वयंपाकघराच्या दारातून दिसावीत. दुसऱ्या दिवशी आत्याबाई चहाचा पेला घेऊन कंप्युटरसमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"ही पेटी रोज खरे सांगते का?" त्यांनी विचारलं.

"रोज बदलते," मी म्हटलं.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "धारला सांगू नकोस. म्हणतील, आता हिला दिसत नाही."

मी कुणालाच सांगितलं नाही. पूजेनंतर त्या पेटीसमोर बसत, तिथी बघत आणि फोन करत, अगदी पूर्वीसारख्या. पलीकडच्यांना काही कळत नव्हतं. त्या आठवड्यात मी फार खूश होतो. इतकी वर्षं मी या चौकटींची वकिली करत होतो आणि आता माझ्याच घरात एका चौकटीने एका माणसाचा मान सांभाळला होता. बायकोलाही मी ऐकवलं, "बघ, म्हणे खेळणी."

मग एका सकाळी पेटीत आलं, माघ कृष्ण प्रतिपदा. आमच्या आजोबांची तिथी माघ वद्य तृतीया. आत्याबाई थोडा वेळ बसून राहिल्या, मग फोन लावून वडिलांना म्हणाल्या, "परवा बाबांची तिथी. गुरुजींना सांगून ठेव."

वडिलांनी जन्मात कधी बहिणीला उलट प्रश्न केलेला नाही. नव्या वर्षाचं मराठी कॅलेंडर अजून इंदूरहून आलं नव्हतं आणि पंचांग तर आत्याबाईंच्या पिशवीत होतं. गुरुजी सरदारपूरला गेले होते, तेव्हा निरोप त्यांच्या सुनेकडे ठेवला. ठरल्या दिवशी आईने वडे तळले, खीर केली, पानं मांडली. गुरुजी आले, बसले, संकल्पासाठी पंचांग उघडलं आणि म्हणाले, "अहो, हा तर पौष. माघाला अजून वेळ आहे. संक्रांत तरी होऊ द्या!" आणि हसले. मग खीर खाऊन गेले, कारण वाया घालवण्यात काही अर्थ नव्हता.

दुपारी वडिलांचा फोन आला. ट्रंककॉलच्या काळापासून त्यांना फोनवर ओरडायची सवय आहे. मी फोन कानापासून लांब धरतो तरी सगळ्या खोलीला ऐकू जातं. त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "ताईचं आता वय झालं. तिला काही बोलू नकोस हं. यापुढे आम्ही कॅलेंडर बघत जाऊ. तिला कशाला त्रास?"

आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या. मी फोन ठेवला तेव्हा त्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या. वडील प्रेमाने बोलले होते, त्यामुळे ते जास्तच लागलं. रागावले असते तर आत्याबाईंनी त्यांना सरळ केलं असतं. पण कीव केल्यावर काय करणार? मला वडिलांचा संताप आला आणि त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येईना.

"मला शंका आली होती," आत्याबाई म्हणाल्या. "संक्रांत झाली नाही आणि माघ कसा? पण म्हटले, पेटीत दिसते आहे तर माझेच डोके चुकत असेल."

त्यानंतर त्यांनी फोन केला नाही. सकाळी पूजा झाली की त्या खिडकीकडे तोंड करून बसत, पेटीकडे पाठ करून. उज्जैनच्या काकूंच्या घरी त्याच आठवड्यात काहीतरी होतं, मला अंधूक आठवत होतं, पण आत्याबाईंनी फोन लावला नाही. बायकोने त्यांच्यासाठी गूळपोळी केली तर अर्धी खाऊन बाजूला ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शेजारच्या भाभी वाटी घेऊन आल्या. त्या इथल्याच, माळव्यातल्या. वाटीत तिळाचं कूट आणि गूळ. "लो बई, चौथ को तिलकुटो," त्या आत्याबाईंना म्हणाल्या. "काल बरत थो म्हारो. माघ की चौथ."

आत्याबाईंनी मान वर केली. "माघ?"

"हाँ, माघ बदी चौथ. बड़ी चौथ."

"और पौष?"

"पौष तो पूनम पे पूरो हुई ग्यो," भाभी म्हणाल्या, आणि वाटी रिकामी करून घ्यायला स्वयंपाकघरात गेल्या.

आत्याबाई खुर्चीतून उठल्या. काळा चष्मा काढून पेटीजवळ आल्या आणि इतक्या वाकल्या की नाक पडद्याला लागलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अरे, ही पेटी हिंदी शाळेत शिकलेली आहे!"

मला कळायला थोडा वेळ लागला. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच. पण पौर्णिमा झाली की ते पुढच्या महिन्यात जातात आणि आपण अमावास्येपर्यंत जुन्याच महिन्यात असतो. म्हणजे चंद्र तोच, तिथी तीच, आणि महिन्याची नावं दोन. चौकट बनवणाऱ्याने त्याच्या घरच्यासारखी बनवली होती. तिचं काही चुकलं नव्हतं. आत्याबाईंचंही चुकलं नव्हतं.

"आणि हे मला ठाऊक नाही होय?" आत्याबाई म्हणाल्या. "सगळा जन्म इथे गेला. आपली दिवाळी आश्विनात आणि शेजारची कार्तिकात, हे लहानपणापासून बघते आहे. पण अक्षरे आपली दिसली म्हणून माणूसही आपले समजले." मग एकदम हसल्या. इतक्या मोठ्याने मी त्यांना क्वचितच हसताना बघितलं आहे. "म्हणजे माझे डोके ठिकाणावर आहे तर!"

मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हातच धरला. आमच्या घरात असं कुणी करत नाही. त्यांनीही तो लगेच सोडवून घेतला नाही.

आता धारला काय सांगायचं हा प्रश्न होता. डोकं शाबूत आहे हे सांगायचं तर त्या पेटीत बघत होत्या हेही सांगावं लागणार, आणि तेच त्यांना सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "मी सांगतो, की मीच चुकीची तिथी दिली." त्यांनी हातानेच 'नको' म्हटलं. मग स्वतःच फोन लावला.

"मी बोलते आहे," त्या म्हणाल्या. "परवाचे माझे चुकले नाही. पेटीचे चुकले. हो, पेटी. कंप्युटर. मला पंचांगाची अक्षरे दिसत नाहीत, म्हणून त्यात बघत होते. दिसत नाही तर काय करू? नव्या चष्म्याने दिसेल." पलीकडे वडील काय म्हणाले ते पहिल्यांदाच ऐकू आलं नाही. इतक्या हळू ते फोनवर कधी बोलले नव्हते. आत्याबाईंनी डाव्या हाताच्या बोटांची पेरं अंगठ्याने मोजली आणि आजोबांच्या तिथीची खरी तारीख आणि वार सांगून टाकला. पंचांगाशिवाय, पेटीशिवाय. मी नंतर पिशवीतलं पंचांग काढून बघितलं. बरोबर होता.

दुपारी आम्ही पेटीला मराठी शिकवायला बसलो. या चौकटी आतून साध्या असतात, मजकुराची फाइल उघडावी तशी त्यांची पानं उघडता येतात. मला थोडंफार जमत होतं. आत्याबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. आधी त्यांनी शुक्ल आणि कृष्ण काढून शुद्ध आणि वद्य करायला लावलं. मग मी वद्य पक्षात महिना एक घर मागे आणला. पडद्यावर पौष वद्य पंचमी आलं, तेव्हा त्यांनी शाळेतल्या मुलीचा टाका बघावा तसं बघून मान हलवली.

"आणि अधिक महिना आला की?" त्यांनी विचारलं. "अधिकात दोघांचे दोन्ही पक्ष एकच असतात. तिथे एक घर मागे आणलेस तर पुन्हा घोटाळा."

मी डोकं खाजवलं. ते मला तेव्हा सुचेना, आणि खरं सांगायचं तर चहाची वेळ झाली होती. "अधिक आला की तुम्हाला विचारू," मी म्हटलं.

"म्हणजे मी तोवर बसून राहू?"

"बसावं लागेल."

मी चौकटीत एक ओळ घातली. महिन्याच्या नावात अधिक असेल तर तिथी दाखवायचीच नाही, त्याऐवजी मोठ्या अक्षरात दाखवायचं, 'धारला फोन करा'. आत्याबाईंना वाचून दाखवली. त्यांनी चहाबरोबर उरलेली गूळपोळी मागून घेतली.

माघात त्या धारला परत गेल्या आणि आजोबांचं श्राद्ध खऱ्या तिथीला झालं. गुरुजींना पुन्हा खीर मिळाली. पेटीची गोष्ट घरभर झाली आणि ज्याच्या त्याच्या घरी मराठी शिकलेली पेटी हवी झाली. इंदूरच्या चुलतभावाने पेनड्राइव्हवर नेली, त्याच्याकडून उज्जैनला गेली, भोपाळला गेली, बहिणीने पुण्याला नेली. पुण्यात पेटीला कुणी विचारलं नसेल, पण बहिणीने लावली. मला आपलं वाटत राहिलं, की आता सगळ्यांच्या पडद्यावर तिथी आली, आत्याबाईंना कोण विचारणार? नव्या चष्म्याने त्यांना पंचांग दिसत होतं, त्या फोनही करत होत्या. पण लोक म्हणू लागले होते, "हो आत्याबाई, बघितलं आम्ही." मी त्यांचा मान वाचवायला निघालो होतो आणि सगळ्यांच्या हातात त्यांच्याशिवाय चालेल अशी वस्तू देऊन बसलो, असं मनात येई आणि बरं वाटत नसे.

मग मे महिना आला. माळव्याच्या उन्हात कारखान्यातला पंखाही गरम वारा घालत होता. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता. आमच्याकडे अधिकात जावयाला अनारसे देतात, तेव्हा लेकी, सासवा आणि जावई सगळ्यांनाच तो कधी सुरू होतो आणि कधी संपतो यात रस असतो. जावयांना जरा जास्तच. त्या सकाळी बायको म्हणाली, "आई विचारतेय, अधिक आजपासून धरायचा का उद्यापासून? तुमच्या पेटीत बघा."

पडद्यावर कसलं तरी मोठं कोष्टक उघडं होतं, त्याच्याखाली चौकट झाकलेली. मी ते बाजूला सारलं. खाली मासे फिरत होते आणि त्यांच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'धारला फोन करा'. ती ओळ मीच लिहिली होती आणि पार विसरलो होतो.

मी फोन लावला. लाइन व्यस्त. चहा पिऊन पुन्हा लावला. व्यस्त. कारखान्यातून दोनदा लावला, तरी तेच. मला काळजी वाटायला लागली, की रिसीव्हर नीट ठेवला गेला नाही की काय, का कुणाला काही झालं. जेवणाच्या सुट्टीत एकदाचा लागला. वडिलांनी उचलला. आवाज बसला होता.

"सकाळपासून फोन खाली ठेवायला मिळालेला नाही," ते म्हणाले. "इंदूर झालं, उज्जैन झालं, भोपाळ दोनदा. तुझी बहीण पुण्याहून. म्हणतात, पेटीत लिहून आलंय, धारला फोन करा. काय लिहिलंयस तू त्यात? ताई खुर्ची घेऊन फोनपाशी बसली आहे, जेवायलाही उठत नाही."

"मला फक्त विचारायचं होतं, अधिक आजपासून की—"

मागून आत्याबाईंचा आवाज आला, स्वच्छ आणि ठणठणीत. "कोण, देवासचा? त्याला म्हणावे, उज्जैनची लाइन यायची आहे. मागाहून कर."

आणि वडिलांनी फोन ठेवला.